पाद्र्याची थोरली मेरी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर मॅडमच्या किचनमध्ये बसून कोलंबी सोलली. देऱ्याच्या मासळी बाजारातून मीच आणली होती. मी इथं दुबईत या इंग्रज मॅडमचा ड्रायव्हर, आणि आमची ही स्वयंपाकाला. धागा काढता काढता म्हणाली, "अहो, पाद्र्याकडं गोंधळ झालाय."

हा पाद्री म्हणजे मॅडमच्या खापरपणजोबांचा बाप की कोण. दोनशे वर्षांमागं इंग्लंडात मेलेला. पण ही असं बोलायची, की तुम्हाला वाटावं, शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. मॅडम दिवसभर कॉम्प्युटरवर त्याचं मृत्युपत्र आणि चर्चची जुनी दप्तरं वाचायच्या. चहा घेऊन गेली की ही तिथंच उभी. "मॅडम, पाद्रीने पलंग किसको दिया?" पलंग मोलकरणीला दिला हे कळल्यावर दोन दिवस खूश होती.

मला त्यातलं काही उमजायचं नाही. बाप जॉन, पोरगा जॉन, नातू जॉन. कोण कुणाला पैसे ठेवून गेला, काय समजायचं माणसानं?

त्या दिवशीचा गोंधळ असा. दप्तरात मेरी नावाच्या मुलीचा बाप्तिस्मा. पुढं तिलाच पुरल्याची नोंद. आणि त्याच्याही पुढं पुन्हा मेरीचा बाप्तिस्मा! मी म्हटलं, पोर उठून आली की काय? तर नाही. मेलेल्या लेकीचं नाव पाठच्या मुलीला द्यायची त्यांच्यात रीत होती म्हणे. मृत्युपत्रात 'माझी लेक मेरी' आहे ती धाकटी.

"मग थोरलीला कुठं पुरली?" ही म्हणाली. "मॅडमना सापडत नाही. मी सांगितलंय, शोधा."

"अगं, खलास झालं ते. तुला काय करायचंय?"

"पोर आहे ती."

आमचा पहिला मुलगा गावी झाला आणि बारशाआधी गेला, तेव्हा मी इथं बांधकामाच्या साइटवर होतो. पुरायला पुरुष माणसं गेली. ओल्या बाळंतिणीला कोण नेतंय? जागा तिला कुणी दाखवलीच नाही. दाखवणारंही आता कुणी उरलं नाही.

"सोला की," ती म्हणाली. "डोकी तशीच ठेवताय. मॅडमना भूत दिसेल ताटात."

संध्याकाळी छातीत दुखतंय म्हणाली. हॉस्पिटलात पोचलो तोवर संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मयताच्या कागदांसाठी धावायचं होतं. मी गेलो मॅडमकडं, आणि गाडी पुसत बसलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. मॅडम बाहेर आल्या, माझा हात धरून रडायला लागल्या. तुमच्यासाठी काय करू, म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, वो बडी मेरी का जगह मिला?"

त्या म्हणाल्या, नाही. दप्तरात फक्त पुरली एवढंच आहे, कुठं ते नाही.

"ढूंढो," मी म्हटलं. "और ढूंढो."