बावखलावरचा दिवा

नंदाखालजवळच्या आमच्या केळीच्या वाडीत वीज आली ती पंपासाठी. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. बावखलावर, म्हणजे वाडीला पाणी पुरवणाऱ्या आमच्या तळ्यावर, रहाट गेला आणि पंप बसला. पाठोपाठ मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, पंपाशेजारी खांब रोवून त्यावर दोनशे वॅटचा बल्ब लावला. केळीचे घड रात्री कापून नेणारे चोर फार माजले होते. चोरी खरी होती, ते मी नाकारत नाही. पण त्या दिव्याने चोर पकडला नाही. पकडलं ते आम्हा बायकांना.

बावखलाच्या मागे केवड्याचं बन होतं. घरात मी आणि माझी थोरली जाऊ, दोघीच बायका. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेल्या होत्या. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावायचा, अंधार पडू द्यायचा, मग टमरेल घेऊन दोघींनी बनामागे जायचं. एकीने बसायचं, दुसरीने पाठ करून उभं राहायचं. पहाटे पुन्हा तसंच. संडास गावात एकदोघांकडेच होता. आमच्याकडे विषय निघाला की मामंजी म्हणत, घरात देव आहेत, दाराशी घाण नको. देव आमच्याही पोटात होते म्हणे, पण त्यांची सोय कोणी बघितली नाही.

दिवा लागला आणि बनामागचं पान न् पान दिसायला लागलं. पलीकडच्या पाखाडीच्या वाटेवरून बाजाराला निघालेले गाडीवान जात. मामंजी ऊन उतरायच्या आत बटण दाबत, ते सूर्य वर आल्यावर बंद करत. बटण ओटीवर, त्यांच्या खाटेच्या उशाशी. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

नवऱ्यांना सांगून पाहिलं. माझा म्हणाला, "ह्या असल्या गोष्टी मी बाबांना कशा सांगू?" दीर तर हसलेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. जाऊबाईंना तेव्हा सातवा महिना होता. त्यांनी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. ओठ सोलवटले, पाय सुजले. मी भांडं पुढे केलं की म्हणायच्या, "नको गो, मग जाऊ कटे?"

शेवटी त्या स्वतःच बोलल्या. संध्याकाळची वेळ होती. ओटीवर केळीचा व्यापारी चहा पीत बसला होता. दाराआड उभ्या राहून, पदर ओढून त्या म्हणाल्या, "मामंजी, तिन्हीसांजेला थोडा वेळ दिवा नय लावला तर चालंल का?"

"का?"

त्यांनी पदर आणखी पुढे ओढला.

"का ते सांग ना. चोराला निरोप पाठवायचाय का?"

व्यापारी हसला. मामंजींना कारण ठाऊक होतं. सबंध आयुष्य त्याच घरात काढलेल्या माणसाला का ठाऊक नसावं? पण त्यांना ते जाऊबाईंच्या तोंडून, परक्या पुरुषासमोर ऐकायचं होतं. पुन्हा विचारलं, "बोल की, जीभ गेली काय?" जाऊबाई दाराला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मग मामंजींनी त्यांच्याकडे बघत बटण दाबलं आणि चहाचा कप उचलला. त्या माणसाचा मला आजही राग येतो. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलते.

त्यानंतर आम्ही बन सोडलं. दिव्याचा उजेड जिथे संपतो त्याच्याही पुढे, चर ओलांडून, पडीक जमिनीतल्या गुडघाभर गवतात जायला लागलो. जाऊबाईंना चर ओलांडवत नसे. मी आधी उतरायची आणि त्यांना हात द्यायची.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. मी पाठ करून उभी होते. त्या एवढंच म्हणाल्या, "काय तरी टोचलं." कंदील न्यायचा नाही, हे आमचं आम्हीच ठरवलेलं, उजेड चुकवायला आलेल्या बायका कंदील कशाला आणतील? मी त्यांना ओढत उजेडात आणलं. त्याच दिव्याखाली मला पोटरीवर दातांच्या दोन खुणा दिसल्या. घोणस होती. गाडी जुंपेपर्यंत पाय मांडीपर्यंत फुगला होता. दवाखाना गाठला, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. पोटातलं बाळही गेलं.

भेटायला येणाऱ्या माणसांना मामंजी सांगत, "एवढा लखलखीत दिवा असताना पोर अंधारात मरायला गेली कशाला, देव जाणे." माणसं हळहळत. कोणी म्हणे नशीब, कोणी म्हणे दिवस भरले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशालाच दोष. दीर मान खाली घालून बसत. तेराव्यानंतर दोन महिन्यांत त्यांच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली.

मामंजींना दुःख झालं नाही, असं मी म्हणणार नाही. दोन दिवस ते जेवले नव्हते. केळी कापायला माणसं आली तर त्यांना परत पाठवलं. मग एका सकाळी त्यांनी विजेच्या तारवाल्याला बोलावलं. चरापाशी नवा खांब रोवला. पडीक जमीन शेवटच्या कुंपणापर्यंत उजळेल असा बल्ब बसवला. गवत कापून घेतलं. दिवसभर स्वतः उन्हात उभे होते.

संध्याकाळी त्यांनी मला ओटीवर बोलावलं. इतक्या मायेने ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

"आता सापाचं भय नय, सूनबाई," ते म्हणाले. "बिनघोर जात जा."

आणि त्यांनी दोन्ही बटणं दाबली. मला तेव्हा तिसरा महिना होता.