कॉव्हेंट्रीत प्रकटलेला खंडोबा

हातातला चहा आधी खाली ठेवा. मी स्वतःचा जो पोपट करून घेतला तो ऐकताना कप हातात असणं बरं नाही.

तर, मी अकाउंटन्सीचं कॉलेज दोन वर्षांनी सोडलं. घरात सुतक! बाबांच्या मते इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या अख्ख्या मराठी मंडळात वाया गेलेली मी एकटीच. मी म्हटलं, मला जुनी टोकनं ओळखायचं काम करायचंय. पूर्वी सरकारकडून सुटे पैसे मिळेनात, तेव्हा ब्रिटन-आयर्लंडमधल्या दुकानदारांनी स्वतःच तांब्याची टोकनं पाडली. एका बाजूला चित्र, कडेला ते खऱ्या पैशांत कुठे बदलून मिळेल तो पत्ता. लोक फोटो पाठवतात, मी ओळखून देते.

"म्हणजे भंगार," बाबा म्हणाले.

शेवटी तह झाला. चारचौघांत एक वस्तू बरोबर ओळखून दाखवायची, मग कॉलेजचा विषय बंद. चुकले तर सप्टेंबरपासून परत वर्गात!

आणि नेमके साबळे काका उगवले. मंडळाचे अध्यक्ष. त्यांना निवडून कोणी दिलं देव जाणे, पण खुर्चीतून उठतील तर ना! कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यात मेथी लावताना त्यांना तांब्याचं नाणं सापडलं होतं. हिरवं, झिजलेलं, कडेला माती घट्ट बसलेली. एका बाजूला घोडेस्वार, त्याच्यामागे काहीतरी उडतंय. दुसऱ्या बाजूला हत्ती, पाठीवर चौकोनी काहीतरी.

आता टोकन म्हटलं असतं तर बाबा परत 'भंगार' म्हणाले असते. म्हणून मी भिंग लावलं आणि सावकाश म्हटलं, "घोडा. उडणारा शेमला. हत्तीवर अंबारी. काका, हे आपल्याकडचं आहे. हा खंडोबा!"

काकांच्या डोळ्यांत पाणी. "आमचं कुलदैवत? माझ्या मेथीत?"

"कुणीतरी गोरा साहेब घेऊन आला असणार," मी ठोकून दिलं.

बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. अशा वेळी कोण तोंड आवरतं, तुम्हीच सांगा!

संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर 'मल्हारी कॉव्हेंट्रीत प्रकटले'! रविवारी चर्चचा हॉल बुक. ताम्हण, भंडारा, पंचामृत. कार्डिफहून एक कुटुंब नटूनथटून आलं. या मोठ्या माणसांना आमचं म्हणणं ऐकायला एरवी वेळ नसतो, पण त्यात देव घातला की एकजण पुरावा मागेल तर शपथ.

अभिषेकाआधी साबळे काकू नाणं घेऊन किचनकडे निघाल्या. "देव असा कळकट कसा ठेवायचा? चिंच-मीठ लावून आणते."

"काकू, नको! जुनं नाणं कधीच घासायचं नसतं!"

"आता तांबं कसं ठेवायचं ते मला तू शिकवणार?"

हॉलमध्ये 'येळकोट येळकोट' सुरू झालं. तेवढ्यात आतून काकूंची हाक आली, "अगं ए, तुझ्या खंडोबाच्या अंगावर कपडे नाहीत!"

येळकोट अर्ध्यातच थांबला.

सगळे किचनमध्ये घुसले. तांबं लख्ख. शेमला म्हणजे केस होते, लांबसडक. आणि बाकी जे दिसत होतं, त्यावरून हा खंडोबा नव्हे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"मुलींनी बाहेर जा!" काका ओरडले आणि स्वतः चष्मा लावून पुढे सरकले.

"अहो, ही तर टाउन सेंटरमधली बाई!" काकू म्हणाल्या. "पुतळा नाही का तिचा? सरदार नवऱ्याने गावावरचा कर कमी करावा म्हणून तशीच घोड्यावर बसून फिरली, ती!"

"मग हत्ती?" काका रडकुंडीला आलेले.

"तो कॉव्हेंट्री शहराच्या चिन्हातला. पाठीवर किल्ला आहे, अंबारी नाही," बाबा म्हणाले. "कौन्सिल टॅक्सच्या बिलावर दरवर्षी बघतो मी."

मग त्यांनी माझ्या हातातलं भिंग काढून घेतलं, कड फिरवत वाचली. 'कॉव्हेंट्रीतल्या गोदामात बदलून मिळेल.' टोकन! मला जगात जी एकच गोष्ट ओळखता येते, नेमकी तीच!

काकांच्या कपाळावरचा भंडारा घामाबरोबर नाकावर आला होता. कुणी हसेना, हे जास्त वाईट.

"सप्टेंबरपासून कॉलेज," बाबा शांतपणे म्हणाले. "रस्ता तरी ओळखशील ना?"

"हो," मी पुटपुटले. "त्या बाईच्या पुतळ्यापासून डावीकडे."