गोळेमामांची पाटी

गोळेमामांचं आडनाव गोळे नव्हतं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते शिपाई, शिक्षण सातवी, पण लाकूड कातायला बसले की बघत राहावं. अणूंचे गोळे कातून कातून हे नाव पडलं ते पडलंच. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

गोळ्यांची मापं त्यांना जुन्या विभागप्रमुख बाईंनी समजावली होती. सोडियमचा अणू मोसंब्याएवढा, पण एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला की उरतो तो आयन जेमतेम लिंबाएवढा. क्लोरीनचं उलटं. अणू लिंबाएवढा आणि तोच इलेक्ट्रॉन घेतला की मोसंब्याएवढा. बाई म्हणायच्या, "मामा, पाठ करू नका. देतो तो आटतो, घेतो तो फुगतो, एवढंच ध्यानात ठेवा." मामांनी ते असं ध्यानात ठेवलं की वीस वर्षांत अणू-आयनांच्या अशा जोड्यांनी, प्रत्येकावर चिठ्ठी लावून, काचेचं अख्खं कपाट भरलं.

या कपाटावर मामांच्या नावाची पाटी लागलीच पाहिजे, असं बाई निवृत्त होताना बजावून गेल्या होत्या. मामांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा कुठे नव्या विभागप्रमुखांनी होकार दिला, तोही तपासणी समिती येणार होती म्हणून. मामांनी स्वतः पाटीला रंधा मारला, पूर्ण नाव रंगवलं, टेपनं मापून कपाटाच्या लाकडी चौकटीला दोन भोकं पाडली आणि स्क्रू पिळले. बायको म्हणाली, "लग्नपत्रिकेनंतर आत्ताच दिसतंय हो तुमचं नाव!" मामा लाजले.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी प्रमुख कपाटापुढे थबकले. साहेब डॉक्टर होते म्हणे, पण खुर्ची मिळाल्यापासून पुस्तक उघडायची सवय सुटली होती.

"हे काय? प्लस लहान गोळ्यावर, मायनस मोठ्यावर? अहो, अधिक म्हणजे जास्त, उणे म्हणजे कमी. बदला त्या चिठ्ठ्या."

"सर, अधिक म्हणजे त्यानं इलेक्ट्रॉन दिलाय. देतो तो..."

"आता तुम्ही मला शिकवणार? पाटी राहायला हवीय ना?"

मामांनी पाटीकडे पाहिलं आणि तिथेच माती खाल्ली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक जोडीतल्या चिठ्ठ्या त्यांनी आपल्या हातांनी उलट्या चिकटवल्या.

समितीतल्या बाई दुसऱ्या दिवशी पहिल्याच फळीपाशी थांबल्या. "गोळे सुरेख आहेत, पण चिठ्ठ्या सगळ्या उलट्या. हे कोणी केलं?"

प्रमुख हसले. "पाटीवर नाव आहेच की, मॅडम. सातवी शिकलेला माणूस. सांभाळून घ्यावं लागतं."

सगळे मामांकडे वळले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण जन्मभर 'हो सर' म्हटलेली जीभ ऐनवेळी वळली नाही. "चुकलं, मॅडम," मामा म्हणाले. अहवालात ते तसंच उतरलं. पाटी काढायचा हुकूम त्याच दुपारी आला आणि स्क्रूही मामांनीच सोडवले. घरी बायको कडाडली, "तोंड शिवलं होतं का तुमचं?" मामांना स्वतःची किळस आली.

दोन महिन्यांनी पेन्शनच्या कागदांसाठी ते कॉलेजात गेले तेव्हा पाय आपसूक प्रयोगशाळेकडे वळले. चिठ्ठ्या आता बरोबर होत्या. वर पितळी पाटी होती, 'संकल्पना व निर्मिती', आणि खाली प्रमुखांचं नाव पदव्यांसकट. भोकं मात्र नवी पाडली नव्हती. मामांनी मापून पाडलेलीच वापरली होती.

शेजारी एक विद्यार्थिनी वहीत आकृती काढत होती. मामांना तिनं ओळखलं नाही. "काका, हे सगळं सरांनी हातानं बनवलंय?"

"हो," मामा म्हणाले. या वेळी तर प्रमुख तिथे नव्हतेही.