भोंगाताईचा फोन

तिला सगळे भोंगाताई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा! जंगलाच्या कडेला उंच मनोरा, त्यावर ही दुर्बीण घेऊन बसलेली. हत्तींचा कळप पाणवठ्याकडे निघाला की ती माइकवरून ओरडायची, नदीकाठची वाट बंद! मग चौकाचौकातले भोंगे ते गावभर पोचवायचे.

हत्तींच्या बाबतीत ती कुणाची भीडभाड ठेवत नसे. पिल्लाचा फोटो काढायला गाडीतून उतरलेल्या एका पाहुण्याला तिनं भर रस्त्यात झापलं होतं. "त्याच्या आईला तुम्ही लांब हवे आहात, साहेब. हॉर्न वाजवू नका, गुपचूप गाडी मागे घ्या. आधी ती जाणार, मग तुम्ही."

नवरा सुतार. कारखाना गावाबाहेर, आणि तिथल्या मशीनच्या घरघरीत भोंगा कसला ऐकू येतोय! म्हणून दोघांचं ठरलेलं होतं. वाट बंद असली की ती आधी नवऱ्याला फोन करणार, मगच माइक हातात घेणार. फोन नाही आला म्हणजे वाट मोकळी, सुतारबुवा खुशाल नदीकाठानं घरी. इतक्या वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

मग ते भांडण झालं. भांडण कसलं, डोंबल! चौकात पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे चार टाळकी जमलेली, आणि सुतारबुवांना आला चेव. "हत्तीपासून लांब कसं राहायचं ते ही गावाला शिकवते. हिच्यापासून लांब कसं राहायचं ते मला कोण शिकवणार?" सगळे खो खो हसले. ती पिशवी घेऊन मागेच उभी होती.

घरी तिनं अबोला धरला. तो तिच्या मागे मागे फिरला, "अगं, गंमत केली गं," म्हणाला, रात्रीची भांडीसुद्धा घासून ठेवली. बाई काही बधली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर कळप निघाला. पुढे म्हातारी हत्तीण, मध्ये दोन पिल्लं. सवयीनं तिनं मोबाइल उचलला, नवऱ्याचं नाव समोर आलं आणि कालचं ते हसणं पुन्हा कानात घुमलं. येतो तर चौकातूनच, तिथं भोंगा आहेच की, असं म्हणत तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि माइक ओढला.

नदीच्या वळणावर त्याची मोटरसायकल थेट पिल्लांच्या मध्ये शिरली. हत्तिणीनं काय करायचं? तिनं आईनं करावं तेच केलं.

त्याला घरी आणलं तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. पंक्चरवाला तिच्याजवळ येऊन बसला. बिचाऱ्याला धीर द्यायचा होता.

"वहिनी, मी अडवला होता हो त्याला. भोंगा झालाय, थांब म्हटलं. तर म्हणाला, तू नीट ऐकलं नसशील, दुसरीच कुठली वाट असेल. नाहीतर तिचा फोन आला असता. कितीही रागावली तरी ती फोन करतेच."

तेवढ्यात सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"तू केला होतास ना गं त्याला फोन?"

पंक्चरवाल्यानं मान खाली घातली.

"केला होता, आई. उचलला नाही त्यांनी," ती म्हणाली.

"असाच मुलखाचा हट्टी!" सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "लहानपणापासून कधी कुणाचं ऐकलं म्हणून नाही. गेला ना आता स्वतःच्या हट्टानं!" त्या लेकाच्या उशाशी जाऊन बसल्या आणि रडत रडत त्याला बोल लावत राहिल्या.

माझं ऐकायचे हो ते आई, माझंच तर ऐकायचे, असं तिला ओरडून सांगायचं होतं.