वाल सोलायला ये गो

"वाल सोलायला ये गो," असं बाईंनी एखाद्या मुलीला म्हटलं की आम्ही बाकीचे शिक्षक हसायचो. पोलादपूरजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि शेजारच्या खोलीत एकट्याच राहायच्या. पाहावं तेव्हा घरात मोड आलेले वाल.

"एकट्या माणसाला बिरडं लागतं तरी किती?" मी एकदा विचारलं.

"वाल सोलताना मान खाली असते. तोंडाकडे बघून पोरींना बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यानंतर मला काही हसू आलं नाही.

बाई गोड स्वभावाच्या होत्या असं मात्र समजू नका. मिटिंगमध्ये खुशाल पेंगायच्या, चहा गार आला की शिपायाशी भांडायच्या. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतील. मुली त्यांना घाबरतात आणि अडलं की त्यांच्याकडेच जातात.

नववीतली एक मुलगी अशीच वाल सोलायला गेली. गावातले शिकवणीचे सर तिला मागे थांबवून घ्यायचे आणि नको तिथे हात लावायचे. तिने आईला सांगितलं होतं. बाप मुंबईला, तो फोनवर म्हणाला, मिटवून टाक. मग गावकी बसली, सरांनी देवळात माफी मागितली आणि आईच्या हातात नारळ दिला. आमच्याकडे देवापुढे नारळ घेतला की विषय संपला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुझं काय चुकलं नाय," एवढंच तिला म्हणाल्या आणि मला घेऊन तडक तिच्या घरी गेल्या.

आई रडत होती. "बाई, देवाच्या म्होरं नारळ घेतलाय मी. आता पोलीस ठाण्यात कशी जाऊ?"

"नारळ तू घेतलास गो. पोरीनं घेतला काय?"

आई दारात उभ्या असलेल्या लेकीकडे बघत राहिली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "सकाळची येष्टी कितीला हाय?"

तक्रार झाली, सरांना अटक झाली आणि गावकीने ते घर वाळीत टाकलं. गिरणीवाला दळण घेईना, लावणीला कुणी येईना. बाई त्यांचं दळण महाडहून करून आणायच्या. मुलीला तिथल्या समुपदेशक ताईंकडेही त्याच न्यायच्या. शाळेचं नाव घालवलंत, असं संस्थेच्या लोकांनी सुनावलं तेव्हा म्हणाल्या, "नाव शाळेचं. अंग पोरीचं होतं." मला त्या लोकांची लाज वाटली, अजून वाटते.

खटला उभा राहायच्या आधीच पावसाळ्यात बाईंना कावीळ झाली. मुंबईला नेलं, पण उपयोग झाला नाही.

साक्षीला मुलीसोबत मी गेले. बंद खोलीत तिने सगळं सांगितलं. आरोपीच्या वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांनी सौम्य शब्दांत विचारले. ती एकदाही अडखळली नाही.

बाहेर आल्यावर मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "धीराची हायस गो. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही आणलंस."

ती जिन्याकडे बघत म्हणाली, "बाई असत्या तर रडले असते."