जिलबीनंतरची साखर

उपाशी माणूस समोर बसलेला मला बघवत नाही. बायको म्हणते हा गुण नव्हे, खोड आहे. कबनूरच्या शिबिरात ती खोड दुसऱ्याच्या पायावर आली.

निवृत्त झाल्यावर घरात माझी अडचण व्हायला लागली, म्हणून मी एका धर्मादाय ट्रस्टच्या फिरत्या दवाखान्याला चिकटलो. त्यांची गाडी यंत्रमागाच्या वस्त्यांत जाते, डॉक्टर तपासतात, औषधं फुकट देतात. डॉक्टरकी सोडून बाकीचं माझ्याकडं. म्हणजे खुर्च्या मांडायच्या, माईकवर ओरडायचं आणि घोळ घालायचे.

त्या दिवशी कबनूरला रक्तातल्या साखरेची तपासणी होती. आदल्या दिवशी रिक्षातून गल्लोगल्ली मीच ओरडत फिरलो होतो, "उपाशीपोटी या, चहासुद्धा घेऊ नका!" आणि माणसं खरोखर तशी आली. रात्रपाळी संपवून, केसांत कापसाची लव घेऊन थेट मांडवात. आली नाही ती गाडी. ती वाटेत पंक्चर होऊन बसली होती.

बराच वेळ गेला. रात्रभर मागावर उभी राहिलेली माणसं जांभया देत माझ्याकडं बघायला लागली. शेवटी एकानं तोंड उघडलंच, "काय ओ पावणं, घरी बोलवून उपाशी मारतायसा व्हय?"

झालं. कोल्हापूरच्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. मी कोपऱ्यावरच्या हॉटेलातनं पोहे, चहा आणि गरम जिलबी मागवली. नको म्हणणाऱ्यांना आग्रह करकरून वाढली. एका बाईनं नवऱ्याच्या ताटलीवर हात आडवा धरला. "ह्यास्नी नको काका, रगत तपासायचं हाय न्हवं."

"वहिनी, एका जिलबीनं काय होतंय?" असं म्हणून मी दोन वाढल्या.

गाडी आली. डॉक्टर बाईंनी उतरता उतरता विचारलं, "कुणी काही खाल्लं नाही ना?" मांडवात बोटं चाटायची थांबली. बाई माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. दमलेल्या माणसाला ओरडायचाही कंटाळा येतो, हे मला तेव्हा कळलं.

बहुतेकांना त्यांनी पुन्हा उपाशी यायला सांगून परत पाठवलं. पण ताटलीवर हात धरणाऱ्या बाईच्या नवऱ्याला थांबवून घेतलं. मागाचं लोखंड लागून त्याच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि कित्येक महिने ती भरतच नव्हती. म्हणून तर बायकोनं त्याला ओढून आणलं होतं. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "एवढी साखर जिलबीनं चढत नाही. पाय वाचवायचा असेल तर आजच औषध सुरू करा."

"जिलबीचीच हाय ती," तो म्हणाला. "ह्या पावण्यांनी दोन घातल्या." आणि चपला सरकवून चालता झाला.

त्याची बायको गोळ्या हातात घेऊन तिथंच उभी. "वरीसभर मागं लागल्यावर आज आलं हुतं," ती मला म्हणाली. "आता काय ऐकत्यात व्हय? तुम्ही चांगलं कारण दिलंसा त्यास्नी."

पुढचे कित्येक आठवडे माझं तेच काम. शिबिराच्या दिवशी भल्या सकाळी कोल्हापुरातनं बस पकडायची आणि रात्रपाळी सुटताना त्याच्या मागाच्या शेडच्या दारात उभं राहायचं. हेतू हा, की पठ्ठ्याला काही खायच्या आत उचलून गाडीकडं न्यायचं. मला लांबून बघितलं की तो टपरीवर वळायचा, चहा बशीत ओतायचा आणि माझ्या डोळ्यांत बघत फुर्र करून प्यायचा. "झाली की न्याहारी! आता पुढल्या खेपंला या." बाकीचे हसायचे. गल्लीत माझं नाव जिलबीवाला पडलं होतं. मी तसाच परतीची बस धरायचो. गुडघे बोलायला लागले होते. एकदा वाटलं, मरू दे, आपल्याला काय करायचंय. पण घरी गेलो तर बायकोला रिपोर्ट द्यावा लागतो.

मग एक दिवस तो आपणहून गाडीपाशी आला. उपाशी, आणि चिडलेला. "चप्पल मागापाशीच ऱ्हायली," तो डॉक्टरांना म्हणाला. "अनवाणी दारापतूर आलो, पायाला कायबी कळलंच न्हाय. पोरांनी सांगितलं." पुन्हा रक्त घेतलं. आकडा जवळपास तोच. तो माझ्याकडं वळला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाला, "आज तर तुम्ही काय घातलं न्हाईसा."

मी त्याच्यापुढं खुर्ची सरकवली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज मलमपट्टी सांगितली आणि म्हणाल्या, "उभं राहायचं काम बंद." तो हसला. "मागावर खुर्ची टाकून कोण बसवतंय मला?" ट्रस्टनं औषधाचं कबूल केलं, रोज पट्टी बदलायला नर्सही द्यायची तयारी दाखवली. पण बसायचं काम त्यांच्या गाडीत नव्हतं. ते मागायला मी आणि त्याची बायको शेडच्या मालकाकडं गेलो. मी घरून भाषण पाठ करून गेलो होतो. मागांच्या खडखडाटात मालकाला त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. बाई पुढं झाली आणि त्याच्या कानाशी एवढंच ओरडली, "पाय कापायचा म्हणत्यात!"

मालकानं त्याला कांड्या भरायला बसवलं. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचं ते काम. मजुरी कमी, पण बसून होतं. तो काही बोलायच्या आत बायको "चालतंय" म्हणून मोकळी झाली.

अजून जातो मी अधूनमधून. तो कोपऱ्यात, पट्टीचा पाय खोक्यावर ठेवून कांड्या भरत असतो. "बायकांचं काम लावलंसा मला," मला बघितलं की ओरडतो. डॉक्टर जखम भरतेय म्हणतात, भरली म्हणत नाहीत. नर्स पट्टी सोडायला लागली की तो मुकाट्यानं पाय पुढं करतो. त्याच्या जुन्या मागावर आता दुसराच कुणी उभा असतो. पट्टी होईपर्यंत तो तिकडंच बघत राहतो.