लाल पुडीभोवतीचा हिरवा

गेल्या वर्षी होळीनंतरच्या आठवड्यात भोकरदनच्या एका किराणा दुकानदारानं माझ्या वहिनीच्या बचत गटाची मिरची पूड परत केली. पाकिटं फुटलेली नव्हती, वजन बरोबर होतं. पूड फिकी दिसते, गिऱ्हाईक उचलत नाही, एवढंच कारण त्यानं सांगितलं.

मिरची पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली होती. गटातल्या बायकांनी देठ खुडून मिरची वाळवली आणि गावातल्या गिरणीवर दळली. तिच्यात वरून घातलेला रंग नव्हता. दुकानात शेजारी लावलेल्या पुड्यांत तो होता की नाही, मला ठाऊक नाही. त्या जास्त लाल दिसत, एवढं मी पाहिलं आहे.

मी वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या आणि जाहिराती पाठवतो. त्या दिवशी मात्र परत आलेला माल उतरवायला गेलो होतो आणि गटाची बैठक तिथंच ओसरीवर बसली. गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाल्या, "चिमूटभर खायचा रंग टाकला तर कोणाचं पोट दुखून राह्यलंय? जिलबीत टाकतेतच की."

"जिलबी करायची असंल तर तसं सांगा मावशी, कढई आणते," वहिनी म्हणाली. "पुडीत मी रंग टाकू देणार न्हाई."

"मंग बस घरीच खात. वर्षभर पुरंल."

शेवटी ठरलं ते असं : आणखी एकदा माल परत आला, तर रंग टाकायचा. गटाचा निर्णय म्हणून वहिनीनं ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एक पाकीट घेऊन, त्यातच काही बदल करता येईल का ते विचारायला, बसस्टँडजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानाचे मालक पूर्वी भिंतींवर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर अक्षरं काढायचे. ब्रश सुटून बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्यांना पेंटरच म्हणतात. आमचं पाकीट दुसरीकडं छापलेलं होतं. लाल जमीन, पिवळी अक्षरं, मधे पूड दिसावी म्हणून पारदर्शक खिडकी.

पेंटरांनी ते दारात उजेडाला धरलं. "लाल कोणी सांगितला?"

"मीच. मिरची लालच असती ना."

"तिथंच घात झाला, ताई. एवढा भडक लाल भोवती असल्यावर मधली पूड मातीवानी दिसणार."

त्यांनी पूड कागदावर ओतली. छपाईच्या रद्दीतून वेगवेगळ्या रंगांचे तुकडे कापले, प्रत्येकाला मधोमध भोक पाडलं आणि एकेक तुकडा पुडीवर ठेवत गेले. लाल तुकड्याच्या भोकातून पूड तपकिरी दिसली. पिवळ्यातून काळपट. पोपटी तुकडा ठेवला तेव्हा ती लाल झाली, पण डोळा पुडीऐवजी तुकड्यावरच जात होता. पूड तीच होती, कागदावरून हललीही नव्हती.

"हिरवं पाकीट?" वहिनी म्हणाली. "त्यात काय कोथिंबीर भरू?"

"कोथिंबिरीला हिरवं न्हाई देणार मी. सुकल्यावानी दिसंल ती." पेंटर हसले नाहीत. "तुमची पूड नुसती लाल न्हाई, नारंगीकडं झुकलेली हाय. मंग हिरवा बी निळ्याकडं झुकता पाहिजे, आणि दबका. ओरडायचं काम पुडीचं."

त्यांनी संगणकावर हिरवा ठरवला, पण पडद्यावर विश्वास ठेवला नाही. स्टिकर छापून पाहिले. पहिला काळवंडला, दुसरा जास्तच निळा आला. मग त्यांनी मला त्या किराणा दुकानात पाठवलं, तिथं ऊन येतं की ट्यूबलाइट असते ते बघायला. ट्यूबलाइट होती. त्यांनी शटर अर्धं ओढून आपली ट्यूब लावली आणि पुढचे नमुने तिच्याखाली तपासले. अक्षरं शुभ्र केली नाहीत, सायीच्या रंगाची केली. पांढरं पुडीच्या आधी नजर ओढतं, असं म्हणाले. पाचवा नमुना त्यांनी पास केला.

जाहिरातींची डिझाइनं करून घ्यायला मी वीस वर्षं अशा दुकानांत बसतो आहे. रंग पुढाऱ्याला विचारून किंवा मागच्या फ्लेक्सवरून ठरतो. शेजारी काय ठेवलं जाणार आहे आणि ते कुठल्या उजेडात दिसणार आहे, हे पाहून रंग ठरवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

बायकांनी परत आलेली पूड साध्या पारदर्शक पाकिटांत भरली आणि वर-खाली हिरव्या पट्ट्या चिकटवल्या. चौथ्या दिवशी वहिनी आणि मी ती घेऊन त्याच दुकानदाराकडं गेलो.

त्यानं एक पाकीट उचललं, उलटंपालटं केलं. "आता टाकला वाटतं रंग?"

"बिलकुल न्हाई."

"मागच्या टायमाला अशी नव्हती."

"तीच हाय. तुम्हीच परत धाडल्याली."

त्यानं पाण्याचा ग्लास मागवला, पाकीट फोडलं आणि चमचाभर पूड पाण्यावर सोडली. वहिनी काउंटरला धरून उभी होती. थोडी पूड तरंगली, थोडी संथपणे खाली बसली. रंग घातलेल्या पुडीच्या उतरतात तशा लाल रेघा पाण्यात उतरल्या नाहीत. त्यानं आणखी थोडा वेळ पाहिलं.

मग त्यानं सगळी पाकिटं ठेवून घेतली आणि आठवडी बाजाराच्या आधी तेवढीच आणखी आणायला सांगितली.